खत, व्याज आणि आपण

भगिनींनो, इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले आणि लढाया आठवतात. पण कर्जालाही इतिहास आहे, आणि तो आपल्या चुलीपर्यंत येऊन पोचलेला आहे. मी सातवी इयत्ता शिकलेली बाई. वाचून जे उमगले ते साध्या शब्दांत सांगते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजारात जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. हे लोण पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. बहुतेक ठिकाणी कोणाच्या जिवाला हात लावला गेला नाही. लोकांना हवी होती ती कर्जाची खते. ती हाती आली की जाळून टाकीत.

एवढा राग का साठला? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तेव्हा इकडे कापसाचा भाव चढला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळला. सरकारी सारा मात्र वाढला होता. त्यात १८५९ च्या कायद्याने नोंद नसलेल्या खताची मुदत तीन वर्षे ठरवली. हेतू कुळाच्या भल्याचा, पण घडले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला. आपणच हिशेब करून पाहू. दरमहा शेकडा दोन दराने घेतलेले १०० रुपये तीन वर्षांनी १७२ होतात. नव्या खताने सहा वर्षांनी सुमारे २९६, आणि नऊ वर्षांनी सुमारे ५०९! व्याज मुद्दलाहून जास्त घेऊ नये, हा आपल्याकडचा जुना दामदुपटीचा नियम. तो अशा नव्या खतांपुढे लंगडा पडला.

दंग्यानंतर सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. खतावर आकडा कितीही असो, मूळ हिशेब उकलून पाहण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. या कायद्याच्या कामावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनीही काही वर्षे काढली. पण सावकारांनी पळवाट शोधली. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले. गरज असलेल्याला कर्ज रास्त दराने मिळाले नाही, तर नुसता कायदा पुरत नाही. म्हणून १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला, तो मला फार मोलाचा वाटतो.

आपल्या बायकांच्या उपयोगाची गोष्ट १९०८ च्या दिवाणी कायद्यात आहे. पैशांच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही. घरातील लागते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्मरीतीप्रमाणे बाईने अंगावेगळे करू नयेत असे दागिने, यांवर जप्ती येत नाही.

आज महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा लागू आहे. परवान्यावाचून सावकारी हा गुन्हा आहे. कोऱ्या कागदावर सही घेण्यास मनाई आहे, आणि सावकाराला मुद्दलाहून जास्त व्याज घेता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे करता येते.

तरीही माझ्या ओळखीच्या एका बाईने मुलाच्या आजारपणात कोऱ्या मुद्रांकावर सही दिली. दीड वर्ष हप्ते भरले, पण वही कधी पाहायला मिळाली नाही. मी विचारले, “बाई, कोणाला सांगितले का नाही?” त्या म्हणाल्या, “लाज वाटली हो!”

भगिनींनो, ही लाजच सावकाराचे मोठे भांडवल आहे. सुप्याच्या लोकांना खते जाळावी लागली, कारण ती वाचून दाखवणारे त्यांच्या बाजूचे कोणी नव्हते. आपल्या मंडळात वाचता येणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. सही करण्यापूर्वी कागद घेऊन या, चौघी मिळून वाचू. दर, मुदत आणि एकूण फेड मांडून पाहू, आणि प्रत्येक हप्त्याची पावती मागू. एवढे केले तरी पुष्कळ घरे सावरतील, असे मला वाटते.