१९१८च्या मयतांची मोजणी

साथीत किती माणसे मेली, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या बाबतीत शंभर वर्षे उलटूनही त्याचे एक उत्तर मिळालेले नाही. जूनमध्ये हा ताप मुंबईच्या गोदीपासून पसरू लागला, तेव्हा फारसे कुणी मनावर घेतले नाही. खरा कहर सप्टेंबर-ऑक्टोबरात झाला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. तिथून रेल्वेच्या वाटेने साथ आत देशात शिरली.

१९१९च्या सुरुवातीला सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी प्राथमिक अंदाज दिला. संस्थाने धरून साधारण ६० लाख मृत्यू. दोनच वर्षांनी, १९२१च्या जनगणनेने हा आकडा सव्वा कोटीच्या घरात नेला. १९५१ मध्ये किंग्जली डेव्हिस या लोकसंख्याशास्त्रज्ञाने तो आणखी वर, १ कोटी ८५ लाखांवर नेला. १९८६ मध्ये मिल्स या अभ्यासकाने १ कोटी ७० ते ८० लाख म्हटले, तर २०१२च्या एका अभ्यासाने तो जवळपास १ कोटी ३८ लाखांपर्यंत खाली आणला. व्हाइट यांचा अंदाज निम्म्याहून कमी का ठरला, हे पाहण्यासारखे आहे.

गावातला मृत्यू लिहिणारा माणूस कोण होता? आपल्याकडे पाटील, उत्तरेत चौकीदार. साथीने त्यालाही सोडले नाही. तो तापाने पडलेला, नाहीतर मेलेला, वही कोरी. म्हणजे जिथे मरण सर्वांत जास्त, तिथेच नोंद सर्वांत कमी किंवा सर्वांत उशिरा. हाताशी आलेल्या आकड्यांवरून घाईने अंदाज बांधला, तर तो कमीच भरणार. त्यात व्हाइट यांचा खोटेपणा नव्हता. घाईचा कागद मात्र नंतर पक्का निकाल म्हणून वाचला जातो, ही अडचण असते.

दुसरी अडचण कारणाची. गावचा पाटील काही डॉक्टर नव्हता. बहुतेक मृत्यू ‘ताप’ या सदरात जात, मग तो मलेरियाचा असो वा इन्फ्लुएन्झाचा. म्हणून अभ्यासकांनी कारण विचारणेच सोडले. मागच्या काही वर्षांत त्याच महिन्यांत सरासरी किती माणसे मरत, ते काढायचे आणि १९१८च्या एकूण मृत्यूंतून वजा करायचे. उरतील ते जादा मृत्यू. यात चूक राहत नाही असे नाही. १९१८ला पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महाग झाले होते. उपासमारीने गेलेलेही या बेरजेत येतात.

ही रीत जुनी आहे. लंडनच्या जॉन ग्रॉन्टने १६६२ मध्ये शहराच्या मृत्युयाद्या तपासल्या, तेव्हा १६२५च्या प्लेगच्या वर्षी इतर आजारांनी मेलेल्यांचा आकडाही अचानक फुगलेला त्याला दिसला. त्याने ओळखले, हे प्लेगचेच लपलेले मृत्यू. नोंदीपेक्षा साधारण चौथा हिस्सा जास्त माणसे प्लेगने गेली असणार, असा त्याने हिशेब मांडला.

मुंबईत १८९६-९७च्या प्लेगमध्येही तेच झाले. प्लेग म्हटले की माणूस इस्पितळात आणि घरचे छावणीत. घरातल्या बायकांना परके लोक तपासणार, मय्यतीला गुस्ल-कफन नीट मिळेल की नाही, ही धास्ती. मग लोक ‘साधा ताप’ सांगत. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात मोमीन विणकरांचा दंगा पेटला, तो अशाच तपासणीवरून. पण आजार लपवता येतो, दफन सहसा लपत नाही. कबरस्तानात आणि स्मशानात मोजलेली एकूण संख्या प्लेगच्या सरकारी आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगत होती. उलट दर हजारी प्रमाण काढताना वेगळाच घोळ होई, कारण लाखो लोक शहर सोडून गेले होते. भागायचे कशाने?

आता कोरोनाकडे. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राच्या आकड्यात जुने १,३२८ मृत्यू एकदम मिळवले गेले, त्यातले ८६२ मुंबईचे. त्या दिवशी काही इतकी माणसे मेली नव्हती. कागद त्या दिवशी जुळले. म्हणूनच मृत्यूची तारीख आणि नोंदीची तारीख वेगळी धरावी लागते. आलेखाचे शेवटचे काही आठवडे नेहमी उतरलेले दिसतात, कारण त्या आठवड्यांची नोंद अजून वाटेत असते. या उताराकडे बोट दाखवून ‘साथ आटोक्यात’ म्हणणारे तेव्हाही होते.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातले २०२०-२१चे जादा मृत्यू सुमारे ४७ लाख सांगितले. सरकारी आकडा ४ लाख ८१ हजार. केंद्र सरकारने संघटनेची पद्धतच नाकारली. ती गणिती प्रतिकृती होती, तेव्हा शंका घेणे गैर नव्हते. पण देशाची स्वतःची नोंदवही? २०१९ मध्ये सुमारे ७६ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२० मध्ये ८१ लाख आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. हा शेवटचा आकडा प्रसिद्ध झाला मे २०२५ मध्ये. एका वर्षात २१ लाखांची वाढ, आणि २०२१चे सरकारी कोरोनामृत्यू मात्र साडेतीन लाखांच्या आत. वाढीतला काही भाग नोंदणी सुधारल्याचा असेल, ५० हजारांच्या सानुग्रह मदतीसाठी दाखला काढणाऱ्यांचाही असेल. सगळी तफावत त्याने भरून निघेल, असे मला वाटत नाही.

१९१८च्या मुंबईत कनिष्ठ मानलेल्या जातींतील हिंदूंचा मृत्युदर हजारी ६१, मुसलमानांचा १९, युरोपियनांचा ८ होता. हे आज सांगता येते, कारण तेव्हाच्या वहीत समाजाचा रकाना होता आणि कुणीतरी तो भरला होता. आपल्याकडे कबरस्तानच्या पावतीवरच थांबणारी घरे अजून आहेत. कायद्याने २१ दिवसांत नोंद करायची असते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. तोवर वारसाहक्क, बँकेचे खाते, विधवेचे निवृत्तिवेतन सगळे अडून राहते आणि सरकारी बेरजेत तो माणूस जिवंतच असतो.