तळटीप : नीवार आणि धान्य

१२. नीवार : तळ्याकाठी, पाणथळ जागी न पेरता उगवणारे रानभात, मराठीत देवभात. पेरलेले भात पिकल्यावरही लोंबीला धरून राहते. नीवाराचे दाणे मात्र पिकताच गळतात, म्हणून ते वेळीच गोळा करावे लागतात. धान्यामागे नांगर, बैल आणि जमिनीची मालकी येते. मालकीमागे राजाचा कर. नीवार या साऱ्यातून मुक्त, म्हणूनच तो तपस्व्यांचा आहार. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुन्तला’च्या दुसऱ्या अंकात विदूषक तपस्व्यांकडून नीवाराचा सहावा हिस्सा मागायला सुचवतो, तपस्वी आपल्या तपाचा अक्षय वाटा देतात, असे सांगून दुष्यंत ते नाकारतो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे न खाण्याच्या व्रतात हाच भेद आपल्याकडे आजही पाळला जातो. वनस्पतिशास्त्रात ‘ओरायझा निवारा’ ही लागवडीच्या भाताच्याच प्रजातीतील रानटी जाती आहे. उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे लोक होडीतून झोडून गोळा करतात तो ‘वाइल्ड राइस’ मात्र झिझानिया या वेगळ्या प्रजातीचा. प्रस्तुत उताऱ्यात नीवाराचा अर्थ नुसता ‘तांदूळ’ किंवा ‘धान्य’ असा घेऊ नये.