धीर म्हणजे काय? रायगड, १६८९

१/
१ फेब्रुवारी १६८९. संगमेश्वरी छत्रपती संभाजी महाराज मोगलांच्या हाती लागले. औरंगजेब स्वतः दक्षिणेत तळ देऊन बसलेला, आदिलशाही व कुतुबशाही नुकत्याच बुडालेल्या. आता राजधानी रायगडावर राजाच नव्हता. गडावर होत्या महाराणी येसूबाई आणि त्यांचा पुत्र शाहू. शाहूस तेव्हा सातवे वर्ष चालू होते.

२/
संकटकाळी शांत राहणे म्हणजे दुःख न होणे, असा समज रूढ आहे. येसूबाईंच्या त्या दोन महिन्यांतील निर्णयांकडे पाहिले की या शब्दाचा निराळा अर्थ हाती येतो.

३/
पहिला प्रश्न गादीचा. वारसाहक्क शाहूचा होता. परंतु सहा वर्षांच्या मुलाच्या नावाने फौजा एकत्र ठेवणे दुर्घट होते. दुसरा पर्याय होता दीर राजाराम महाराजांचा, वय एकोणीस. १६८० च्या वारसाकलहात एका पक्षाने त्यांनाच गादीवर बसविले होते आणि त्यानंतर ते नजरकैदेत होते. म्हणजे ज्यांच्याविषयी सर्वाधिक संशय धरण्यास जागा, तेच राज्याच्या सर्वाधिक उपयोगाचे.

४/
१२ फेब्रुवारीस रायगडी राजाराम महाराजांचे मंचकारोहण झाले. ही तारीख नीट पाहावी. संभाजी महाराज तेव्हा जिवंत होते, शत्रूच्या कैदेत होते. अवघ्या अकरा दिवसांत पत्नीने पतीच्या जागी दुसरा राज्यकर्ता मान्य केला आणि मुलाचा हक्क मागे ठेवला. राजा कैदेत असला तरी राज्य कैदेत नाही, हे त्यातून बादशहास कळून चुकले.

५/
११ मार्च १६८९ रोजी संभाजी महाराजांची क्रूरपणे हत्या झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस मोगल सरदार इतिकादखान रायगडाला वेढा घालू लागला. शोक करण्यासही उसंत नव्हती.

६/
आता दुसरा प्रश्न. रायगडासारखा बळकट गड. सर्वांनी तेथेच राहून लढावे, हा कोणासही सुचणारा मार्ग. पण गड पडला तर राजघराणे एकाच फासात सापडणार. म्हणून राजाराम महाराजांनी वेढा आवळण्यापूर्वी बाहेर पडावे आणि येसूबाई व शाहू यांनी गडावरच राहावे, असे ठरले.

७/
हा सल्ला येसूबाईंचाच, असे उत्तरकालीन बखरी सांगतात. बखरीतील संवाद शब्दशः प्रमाण मानता येत नाहीत. तथापि घटनाक्रम त्याच दिशेने बोट दाखवितो: ५ एप्रिलला राजाराम महाराज गडावरून निसटले, मायलेक मागे राहिले.

८/
या निर्णयाची किंमत उघड होती. लहान मुलासह निसटणे कठीण. शिवाय राणी व वारस गडावर असेपर्यंत शत्रूचे मोठे सैन्य तेथेच गुंतून पडणार. रायगड सुमारे सात महिने झुंजला. ३ नोव्हेंबर १६८९ रोजी तो मोगलांच्या ताब्यात गेला आणि येसूबाई व शाहू कैद झाले. त्याच सुमारास, पन्हाळा व पुढे कर्नाटकमार्गे, राजाराम महाराज तमिळ प्रदेशातील जिंजीस पोहोचले होते.

९/
रायगडाच्या विजयाबद्दल इतिकादखानास ‘झुल्फिकारखान’ हा किताब मिळाला. पुढे हाच सरदार जिंजीपुढे जाऊन बसला, आणि तो किल्ला घेण्यास त्याला १६९८ चा आरंभ उजाडला. तरीही राजाराम महाराज हातून निसटलेच. दरम्यान रामचंद्रपंत अमात्य, संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांनी मोगल फौजांना महाराष्ट्रात व कर्नाटकात स्वस्थता लाभू दिली नाही. एप्रिलमधील त्या निर्णयाने राज्याला हा अवधी मिळवून दिला.

१०/
येसूबाईंच्या वाट्याला मात्र छावणीतील कैद आली. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, शाहू सुटले; पण त्यांच्या वर्तनाची हमी म्हणून आईला मोगलांनी ठेवून घेतले. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून त्यांना घेऊन परतले ते १७१९ मध्ये. जवळजवळ तीस वर्षे! तोवर मुलगा साताऱ्यास छत्रपती होऊन अकरा वर्षे लोटली होती.

११/
म्हणून धीर हा केवळ स्वभावाचा गुण मानणे अपुरे आहे. तो प्रश्नांचा क्रम लावण्याची शक्ती आहे: आधी राज्य, मग गादी, मग आपले माणूस, शेवटी आपण. येसूबाईंना दुःख नव्हते असे कोण म्हणेल? त्या दुःखाला त्यांनी निर्णयाच्या जागी बसू दिले नाही, एवढेच.

१२/
रायगडाच्या वाटा चढताना शिवछत्रपतींचा राज्याभिषेक आठवतोच. त्याच गडावर १६८९ च्या वसंतात एका स्त्रीने राज्य वाचविण्यासाठी स्वतःस व पुत्रास मागे ठेवले, हेही तेथे आठवावे.