निकेल नाणे, अमेरिकन
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पाच सेंट मूल्याचे नाणे. १८६६ पासून प्रचारात. ‘निकेल’ म्हणून ओळखले जात असले, तरी त्यात ७५% तांबे असते. ढाल (१८६६–८३), स्वातंत्र्यदेवतेचे शीर्ष (१८८३–१९१२), अमेरिकन इंडियन व बायसन (१९१३–३८) आणि जेफर्सन (१९३८ पासून) या चित्रांवरून त्याचा काळ ओळखता येतो.

त्याची किंमत मात्र वयावर ठरत नाही. १८८३ च्या आरंभीच्या नाण्यांवर रोमन पाचाचा अंक होता, ‘सेंट’ हा शब्द नव्हता. तेव्हा सोन्याचा मुलामा देऊन ती पाच डॉलरची म्हणून खपविण्यात आली. त्याच वर्षी तो शब्द घालण्यात आला. पण पहिली नाणी दुर्मिळ होणार, या समजुतीने लोकांनी ती साठविली व म्हणूनच ती आजही स्वस्त आहेत. उलट, १८८५ ची नाणी महाग आहेत.

बायसन-नाण्यावरील साल उठावावर असल्याने लवकर झिजते. अम्लाने ते पुन्हा उमटविता येते, परंतु त्यामुळे संग्राहकाच्या दृष्टीने नाणे बिघडते. सॅन फ्रॅन्सिस्को टांकसाळीने १९२६ मध्ये अवघी ९,७०,००० नाणी पाडली. त्यांची ओळख मागील बाजूच्या बारीकशा ‘एस’ अक्षरावरूनच पटते. युद्धकाळातील (१९४२–४५) ३५% चांदीच्या नाण्यांवर टांकसाळीचे अक्षर माँटिचेलो वास्तूच्या वर ठळक असते.