सिगारचे यंत्र आणि वाचून दाखवणारा माणूस

निलो क्रूझ यांच्या 'ॲना इन द ट्रॉपिक्स' या नाटकाला २००३ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि सिगार वळणाऱ्या कामगारांना कादंबरी वाचून दाखवणारा माणूस जगभरच्या नाट्यरसिकांच्या परिचयाचा झाला. नाटक घडते १९२९ साली, फ्लोरिडातील टँपा शहराच्या ईबोर सिटी या वस्तीत. कारखान्यात 'ॲना कॅरेनिना' वाचली जात असते. मालकाचा सावत्र भाऊ चेचे तेथे यंत्र आणू पाहतो, कामगार मतदान करून ते नाकारतात, आणि अखेरीस हाच चेचे वाचणाऱ्याला भर वाचनात गोळी घालतो. नाटक मिटल्यावर मनात एक सरळ समीकरण उरते : यंत्र आले आणि वाचन मेले. आम्हीही बराच काळ हेच धरून चाललो होतो. त्या यंत्रांचा इतिहास जरा जवळून पाहू लागलो तेव्हा मात्र हे समीकरण डळमळू लागले. साहित्याच्या अभ्यासकाने साचे, पट्टे आणि दाते यांच्यात कशाला शिरावे, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु एका श्रवणपरंपरेचा शेवट कोणी केला हा प्रश्न असेल, तर ज्या यंत्रावर आरोप आहे त्याची उलटतपासणी केल्यावाचून निकाल कसा द्यावा?

सिगार म्हणजे तंबाखूच्या पानांचीच तीन थरांची गुंडाळी. आत लांब पानांचा गाभा, त्याला धरून ठेवणारे बांधणीचे पान, आणि सर्वांत बाहेर नितळ, लवचीक असे वेष्टनाचे पान. कारागीर गाभ्याची पाने तळहातावर अशी जुळवतो की धुराला वाट राहावी. गाभा घट्ट झाला तर सिगार ओढली जात नाही, सैल राहिला तर ती वेडीवाकडी आणि भराभर जळते. हे घट्टसैलपण बोटांनाच कळते. मग 'चावेता' नावाच्या बिनमुठीच्या, वाकड्या धारेच्या पात्याने वेष्टनाचे पान कापून ते तिरप्या वेढ्यांनी गुंडाळायचे आणि टोकाला खळीच्या बोटाने टोपी चिकटवायची. पानाची मधली शीर काढली की त्याचे दोन अर्ध होतात. दोहोंतील शिरांचा कल एकमेकांच्या उलट असतो, त्यामुळे एक अर्ध एका दिशेने तर दुसरा विरुद्ध दिशेने गुंडाळावा लागतो. आपल्याकडे विडी 'वळतात', लाडू वळतात आणि अक्षरालाही वळण असते. या हस्तक्रियेला याहून नेमका शब्द आम्हांला सुचत नाही.

या कामात झालेली पहिली मोठी सुधारणा यंत्र म्हणावे अशी नव्हतीच. तो जर्मनीतून आलेला लाकडी साचा होता. एकमेकींवर बसणाऱ्या दोन फळ्या, त्यांत सिगारच्या आकाराच्या वीसेक खोबणी, आणि भरलेले साचे एकावर एक रचून आवळणारा स्क्रूचा दाब, एवढेच. १८७० च्या सुमारास हा साचा न्यूयॉर्कच्या कारखान्यांत शिरला. दिसायला क्षुल्लक असलेल्या या वस्तूने एका कारागिराचे दोन कामगार केले. गाभा बांधणारा वेगळा, वेष्टन चढवणारा वेगळा. आकार देण्याचे काम फळीकडे गेल्यामुळे वर्षानुवर्षांची उमेदवारी अनावश्यक ठरली. बोहेमियातून आलेली स्थलांतरित कुटुंबे भाड्याच्या कोंदट खोल्यांत, बायकामुलांसह, साच्यांवर सिगार करू लागली. १८७७ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये त्याविरुद्ध मोठा संप झाला आणि तो फसला. म्हणजे कौशल्यावर पहिला घाव घातला तो लाकडाच्या दोन फळ्यांनी. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावयास हवी : साचा मुका होता. तो आवाज करीत नाही. क्यूबातील हाताने सिगार करणारे कारखाने साचे आणि दाब वापरतात, आणि तेथे वाचनही चालते.

दुसरी सुधारणा हवेची. १८८० च्या दशकात सच्छिद्र पत्रा बसवलेले मेज आले. पत्र्याखालून हवा ओढली जाई, त्यामुळे ओलसर पान सुरकुती न पडता त्यावर चिकटून राही आणि ठरलेल्या आकाराच्या पात्याने ते कापता येई. पान ताणून सपाट धरणे हा जो डाव्या हाताचा खेळ होता तो हवेने उचलला. नवख्या मुलींना हे काम थोड्याच दिवसांत शिकवता येऊ लागले.

याच दशकात सिगारेटचे यंत्र मात्र केव्हाच पुढे निघून गेले होते. जेम्स बॉनसॅक याला १८८१ साली पेटंट मिळाले आणि त्याचे यंत्र दहा तासांत एक लाखाहून अधिक सिगारेटी काढू लागले. सिगारला त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे लागली. कारण सिगारेटला चुरा आणि कागद पुरतो. कागदाच्या गुंडाळीचे एक टोक दुसऱ्या टोकासारखेच असते. तंबाखूचे एक पान दुसऱ्यासारखे नसते. शीर कुठून गेली आहे, भोक कुठे आहे, पान किती ओले आहे, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते. यंत्राला वळता येत होते, पाहता येत नव्हते.

हा पेच सोडवला तो 'अमेरिकन मशीन अँड फाउंड्री' या कंपनीने. रूफस पॅटरसन यांनी १९०० साली ती स्थापन केली आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तिचे लांब पानांच्या गाभ्याची सिगार करणारे यंत्र बाजारात आले. पाहण्याचे काम यंत्राला जमेना म्हणून त्याच्याभोवती चार स्त्रिया बसवण्यात आल्या. पहिलीने गाभ्याची पाने फिरत्या पट्ट्यावर पसरायची. दुसरीने बांधणीचे पान ओढहवेच्या साच्यावर अंथरायचे. तिसरीने तसेच वेष्टनाचे पान, भोके आणि शिरा चुकवून. चौथीने तयार सिगार पाहून, क्वचित दुरुस्त करून, खणात रचायची. मधले सारे, म्हणजे मापून तोडणे, पट्ट्याच्या झोळीत लोळवून बांधणे, वेष्टन तिरपे फिरवणे आणि खळ लावणे, यंत्राचे. डाव्या आणि उजव्या पानांसाठी डावी आणि उजवी यंत्रेही वेगळी करावी लागली. चौघींच्या हातून दिवसाला सुमारे चार हजार सिगारी निघत. चांगला कारागीर एकटा, दर्जानुसार, दिवसाला दोनशेच्या आसपास वळत असे. आम्हांला यात आकड्यांपेक्षा बैठक महत्त्वाची वाटते. हाताने वळणाऱ्यांच्या मेजावर प्रत्येकाची गती ज्याची त्याची असे. येथे चौघींच्या डोळ्यांना पट्ट्याने एकच गती दिली. हात मोकळे झाले असे म्हणावे तर डोळे बांधले गेले, आणि कानाशी खडखडाट आला.

या यंत्राची जाहिरात कशी झाली हेही सांगण्याजोगे आहे. १९२९-३० च्या सुमारास 'क्रेमो' या यंत्रावर केलेल्या स्वस्त सिगारच्या जाहिरातींनी ग्राहकाला थुंकीची भीती घातली. हाताने वळणारा माणूस सिगारचे टोक जिभेने ओले करतो, आमचे यंत्र करीत नाही, असा त्यांचा रोख होता. शिवाशिवीचे शास्त्र केवळ आपल्याकडेच विकते असे नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला कारागीर म्हटले गेले तो या मजकुरात एक घाणेरडे तोंड होऊन उरला.

आता त्या तोंडांच्या समोर जो बसत असे त्याच्याकडे येऊ. त्याला स्पॅनिशमध्ये 'लेक्तोर' म्हणतात. हवानाच्या 'एल फिगारो' या कारखान्यात १८६५ च्या अखेरीस कामाच्या वेळी वाचन सुरू झाले. त्यामागे सातुर्निनो मार्तिनेस या सिगार कामगाराची आणि त्याच वर्षी त्याने काढलेल्या 'ला आउरोरा' या पत्राची प्रेरणा होती. लगोलग पार्तागासच्या कारखान्यातही वाचन चालू झाले. १८६६ मध्ये स्पॅनिश राज्यपालाने त्यावर बंदी घातली. कामगारांचे लक्ष विचलित होते, हे कारण. तेव्हा सिगारचे यंत्र कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पुढे स्वातंत्र्ययुद्धामुळे हजारो क्यूबन कामगार फ्लोरिडात गेले, की वेस्टला आणि मग १८८५-८६ मध्ये विसेंते मार्तिनेस ईबोर यांनी वसवलेल्या वस्तीत. त्यांच्याबरोबर लेक्तोरही गेला. उंच मचाणावर बसून तो सकाळी वर्तमानपत्रे वाची आणि नंतर कादंबरी. कादंबरी कोणती हे कामगार मतांनी ठरवीत. ह्यूगो, झोला आणि सेर्व्हांतेस ही त्यांची आवडती नावे. वाचन आवडले की चावेते मेजाच्या फळीवर वाजवून दाद दिली जाई. लेक्तोरचा पगार कामगार आपल्या वर्गणीतून देत, मालक नव्हे. या इतिहासातील सर्वांत स्फोटक तपशील आमच्या मते हाच आहे. मालकाच्या छपराखाली, मालकाच्या वेळेत, मालकाने न नेमलेला माणूस बोलत होता. १८९१ च्या नोव्हेंबरात होसे मार्ती टँपाला आला तेव्हा त्याला जो श्रोतृवर्ग मिळाला तो ऐकण्याची सवय झालेला होता.

१९३१ च्या नोव्हेंबरात, मंदीच्या काळात, टँपाच्या मालकांनी एकत्र येऊन लेक्तोर काढून टाकले. ते 'लाल' मजकूर वाचतात, हा आरोप होता. कामगार आले तर मचाणे मोडलेली. संप झाला, टाळेबंदी झाली, अटकसत्र झाले, आणि डिसेंबरात लोक कामावर परतले ते लेक्तोरवाचून. त्यांच्या जागी रेडिओ आले. ध्यानात घ्यावयाचे ते हे की त्या दिवशी ईबोर सिटीत बहुतांश सिगार हातानेच वळली जात होती. मेजे तीच होती, चावेते तेच होते, खोलीतली शांतता तीच होती. वाचन बंद पडले ते यंत्राच्या आवाजाने नव्हे. ते माणसांनी, ठरवून, सुतारांकरवी बंद पाडले.

मग यंत्र निर्दोष सुटले काय? तसेही आम्हांला म्हणता येत नाही. उत्तरेकडच्या यंत्रांवरची पाच सेंटांची सिगार टँपाच्या महागड्या हातवळणीच्या मालाला बाजारातून रेटीत होती. संप ताणून धरण्याची कामगारांची ताकद त्यामुळेच खचली होती. यंत्र त्या खोलीत नव्हते, पण खोलीतल्या माणसांची किंमत त्याने बाहेरूनच उतरवली होती. नंतर ते आतही आले, आणि मग लेक्तोर परतण्याची शक्यताच खडखडाटात बुडाली. क्यूबात मात्र १९२० च्या दशकात पोर लारान्यागाच्या कारखान्यात यंत्र आणण्याचा प्रयत्न होताच कामगारांनी बहिष्काराचे हत्यार उपसले आणि पुढे सरकारी निर्बंधांनीही यंत्राची वाट अडवली. फेर्नांदो ओर्तिस यांच्या तंबाखू आणि साखर यांच्या १९४० मधील ग्रंथाला ही पार्श्वभूमी आहे.

मराठी अभ्यासकाला येथे जात्यावरच्या ओवीची आठवण होणे स्वाभाविक आहे. गिरणी आली आणि ओवी गेली, हे आपण शिकवत आलो आहोत. पण साम्य फसवे आहे. ओवी जात्याच्या घरघरीतून, श्रमाच्या लयीतून उगवते. दळण थांबले की तिची साथच जाते. सिगारच्या मेजावरचे वाचन श्रमाच्या नि:शब्दतेतून आले. हात गुंतलेले आणि कान रिकामे, अशी ती अवस्था. म्हणूनच त्याचे खरे भावंड शोधावयाचे तर केरळातील कण्णूरच्या विडी कामगारांत सापडते. तेथेही एक जण वर्तमानपत्र वाची आणि त्याचा बुडालेला रोज भरून निघावा म्हणून बाकीचे आपल्या वळलेल्या विड्यांतला वाटा त्याला देत. अमेरिकेतील कामगार पुढारी सॅम्युएल गॉम्पर्स स्वतः सिगार वळणारा होता. न्यूयॉर्कच्या कारखान्यातली हुबेहूब हीच रीत त्याने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे.

या माहितीनंतर क्रूझ यांचे नाटक पुन्हा वाचले तेव्हा ते आम्हांला अधिक खरे वाटले. चेचेची बायको पूर्वीच्या एका लेक्तोरबरोबर पळून गेलेली आहे. तो गोळी घालतो ती यंत्रासाठी नव्हे. वाचणाऱ्या माणसाविषयी त्याच्या मनात जुना डूख आहे आणि यंत्र हे त्या डूखाला मिळालेले सभ्य निमित्त आहे. प्रथम वाचताना हा धागा आम्हांला केवळ कौटुंबिक वाटला होता. नाटकाच्या अखेरीस कामगारांपैकीच एक जण ते पुस्तक उचलतो आणि वाचू लागतो.

यंत्रातील सुधारणा त्यानंतरही होत राहिल्या. १९५० च्या दशकात तंबाखूची भुकटी आणि देठ यांचा लगदा करून त्याच्या कागदासारख्या पट्ट्या काढण्यात आल्या. बांधणीचे पान आता गुंडाळीवरून येऊ लागले आणि चौघींतील दुसरी स्त्री उठून गेली. पान एकदा कागदासारखे झाल्यावर पाहण्याची गरजच उरली नाही, म्हणजे बॉनसॅकने जे सिगारेटसाठी केले तेच फिरून झाले. टँपात जे. सी. न्यूमन यांच्या १९१० साली बांधलेल्या कारखान्यात १९३० च्या दशकातली ती जुनी यंत्रे इ. स. २००० नंतरही चालू राहिली, आणि लोक ती कुतूहलाने पाहावयास जाऊ लागले. क्यूबाने २०१२ साली सिगार कारखान्यांतील वाचनाला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून घोषित केले. तेथे लेक्तोर ध्वनिक्षेपकातून वाचतो, सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी.