मोजणी उपकरणे, जुनी : संग्राहकांसाठी मूल्यनिर्णय (सावदा, खानदेश)

जमीन, वजन, वेळ व कोन मोजण्याच्या जुन्या साधनांचे मोल ठरवण्याची रीत. जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्याचे सावदा हे गाव या विषयात मोजणीच्या साखळीमुळे येते. 1852 मध्ये इंग्रज सरकारने येथे जमीनमोजणी सुरू करताच दहा ते पंधरा हजार लोक विरोधासाठी गोळा झाले. मोजणी झाली की सारा वाढणार, ही भीती त्यामागे होती. फौज येऊन पुढाऱ्यांना पकडीपर्यंत जमाव हटला नाही. लोखंडी कड्यांच्या एका साधनाचा एवढा धसका माणसांनी घेतला होता, हे ध्यानात ठेवले तर त्या काळची साखळी हाती आल्यावर ती मोडीच्या भावात तोलवत नाही.

साखळी व शंकू. मुंबई इलाख्यातील मोजणीची पद्धत गोल्डस्मिड व विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1836 पासून इंदापूर तालुक्यात बसवली. तिची साखळी 33 फुटांची, 16 आण्यांत विभागलेली. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजेच 1 गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे 1 एकर. त्याआधीचा हिशेब काठी, पांड व बिघ्याचा : पाच हात पाच मुठींची काठी, 20 काठ्यांचा पांड, 20 पांडांचा बिघा. हाताची लांबी माणसागणिक बदलते, साखळीची बदलत नाही, असा सरकारचा दावा होता. तो पुरता खरा नव्हता. वापराने कड्या झिजतात, दुवे ताणतात आणि साखळी लांबते. 33 फुटांची साखळी 2 इंचांनी लांबली तर 40 गुंठ्यांचे शेत सुमारे 39.6 गुंठे भरते. म्हणून तपासणीत साखळीची आजची लांबी काळजीपूर्वक नोंदवावी. थोडी वाढलेली लांबी हा दोष धरू नये. ती शेतांतून ओढली गेल्याची खूण आहे. दोन्ही टोकांच्या मुठी, अंतर दाखवणाऱ्या पितळी खुणा व मूळच्या कड्या शाबूत असल्या तर मोल वाढते. मधल्या कड्या नव्या तारेच्या असल्या तर बरेच घटते. 66 फुटांची, 100 कड्यांची गंटर साखळी आणि 100 फुटांची इंजिनिअरी साखळी या वेगळ्या जाती आहेत. विक्रेते त्यांची सरमिसळ करतात. टेप लावला की उलगडा होतो.

साखळीच्या जोडीला काटकोन पाडण्याचा शंकू असे. ‘शंकू-साखळीची मोजणी’ हा शब्द भूमी अभिलेख खात्यात आजही ओळखीचा आहे. शंकू लाकडी व साधा असल्याने पुष्कळदा सरपणात गेला. त्यामुळे साखळी-शंकूची एकत्र जोडी मिळाली तर ती फोडून विकणे हे नुकसान आहे, पैशाचेही आणि ज्ञानाचेही. शंकू हे नाव फार जुने आहे. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तील यंत्राध्यायात शंकू, घटी, फलक इत्यादी यंत्रांचे वर्णन येते, आणि त्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा 1207 चा शिलालेख याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

काळनिश्चिती. पितळी थिओडोलाइट, लेव्हल, होकायंत्र यांवर कारागिराचे नाव कोरलेले असते. ट्रॉटन अँड सिम्स हे नाव 1826 ते 1922 या काळातले. पुढे कुक, ट्रॉटन अँड सिम्स असे होते. कलकत्त्याच्या मॅथेमॅटिकल इन्स्ट्रुमेंट ऑफिसची खूण असेल तर उपकरण 1830 नंतर सरकारी हातांतून गेले. खानदेशापुरता एक सोपा आडाखा आहे : ‘पूर्व खानदेश’ असा शिक्का असेल तर तो 1906 ते 1960 मधला, कारण 1906 मध्ये खानदेश जिल्हा दुभागला आणि 1960 मध्ये पूर्व खानदेशाचे नाव जळगाव झाले. नुसते ‘खानदेश’ असेल तर तो त्याहून जुना असण्याचा संभव आहे.

नकली माल. आज बाजारात लंडनच्या कारागिरांची नावे घातलेली पितळी होकायंत्रे व दुर्बिणी मुबलक मिळतात. रुडकीत अशा वस्तूंचा मोठा धंदा आहे. ठळक साल, उथळ अक्षरे, एकसारखे काळवंडलेले पितळ, आणि नुसती शोभेला काढलेली अंशांची रेघ या त्यांच्या खुणा. खऱ्या उपकरणात व्हर्नियर वाचता येतो, तबकडीच्या रेघा समान अंतरावर असतात, पेटीतले खण त्याच उपकरणाला बसतात आणि भागांवरचे क्रमांक जुळतात.

जपणूक. घरचे तांब्या-पितळेचे भांडे चिंच लावून लखलखीत करण्याची आपली सवय येथे घातक ठरते. मूळ लाखेचा थर गेला, अंशांच्या बारीक रेघा झिजल्या, की उपकरण चकचकीत होते आणि जाणता संग्राहक मागे सरतो. कोरड्या मऊ फडक्याने धूळ टिपावी, तेवढे पुरे. भिंगातली बुरशी जाणकाराकडूनच काढून घ्यावी.

कागद. एकाच जातीच्या दोन साखळ्यांत जास्त मोलाची ती, जिच्यासोबत कागद आहे. पेटीवरची चिठ्ठी, खात्याचा निकाली काढल्याचा शेरा, मोजणीदाराच्या घरातून आल्याची लेखी नोंद, यांतले काहीही चालेल. गावाच्या मूळ मोजणीची टिपणे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात असतात. जुनी टिपणे अनेकदा मोडी लिपीत आणि त्यांतली अंतरे साखळी-आण्यांत. त्यांच्या नकलेने अमुक साखळी अमुक शेतात फिरली असे सिद्ध होत नाही. पण ती ज्या मोजणीची, तिचे काम डोळ्यांसमोर येते. 1852 च्या दंग्याची साखळी म्हणून कोणी वस्तू पुढे केली आणि कागद नसला, तर दंग्याचे मोल शून्य धरावे व फक्त साखळीचे द्यावे. सावद्याच्या लोकांनी जे सोसले, त्याच्या नावावर खोटा भाव चढवणे योग्य नाही.

वजने. सराफी तराजू व तोळा-मासा-गुंजेची वजने (1 तोळा = 12 मासे = 96 गुंजा) आणि मालधक्क्यांवरचे ओतीव लोखंडी काटे हे या भागात संग्राहकाला अधिक सहज सापडतात. 1958 पासून दशमान वजने लागू झाली तशी जुनी अडगळीत पडली. वजनांचा पूर्ण संच आणि त्यांवरचे पडताळणीचे शिक्के पाहावेत; सुट्या वजनाला फारसे मोल नाही.

कायदा. 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार गतकाळातील विज्ञानाची साक्ष देणारी, किमान 100 वर्षे जुनी वस्तूही पुरावशेष ठरू शकते. अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. त्यामुळे परदेशी लिलावातील भाव येथल्या थिओडोलाइटला जसाच्या तसा लावणे चूक. तो बाजार या वस्तूला खुला नाही.