कलेला जात नसते, तर ऑडिशनच्या रांगेत ती येते कुठून?

दर वर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केले, तिथून मराठी रंगभूमी सुरू झाली असे धरतात. त्या दिवशी नटराजाची पूजा होते, भाषणे होतात आणि एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : कलेला जात नसते. आम्हाला एवढेच विचारायचे आहे की १८४३ च्या आधी या महाराष्ट्रात रात्र रात्र जागून गाणारे, नाचणारे, सोंगे काढणारे, हलगी-ढोलकी वाजवणारे लोक कोण होते? ते नट नव्हते तर काय होते?

हा प्रश्न आज उकरून काढायचे कारण आहे. आमच्या वस्त्यांतली मुले-मुली आता उघडपणे म्हणू लागली आहेत की आम्हाला अभिनयात करिअर करायचे आहे. त्यांच्या अडचणी विचारा, सगळीकडे तीच उत्तरे मिळतात. ओळख नाही. फोटो काढून घ्यायला पैसे नाहीत. मुंबईत राहायला जागा नाही. घरचे म्हणतात, आधी नोकरी बघ. बोलण्याला गावाचा वास येतो म्हणून हसतात. भूमिका मिळाली तर गड्याची, मोलकरणीची, नाहीतर गुंडाच्या मागे उभे राहायची. सिनेसृष्टी याला 'स्ट्रगल' असे गोंडस नाव देते आणि प्रत्येकाच्या नशिबावर ढकलून मोकळी होते. आमचे म्हणणे असे की यातल्या प्रत्येक अडचणीला इतिहास आहे, आणि तो समजल्याशिवाय आपली मुले स्वतःलाच दोष देत राहतील.

गावगाड्यात कला हा हक्क नव्हता, ते काम होते. मांगाने हलगी वाजवायची, डोंबाऱ्याने कसरत करायची, कोल्हाटणीने नाचायचे, महाराने तमाशात उभे राहायचे. देवळापुढे वाजवायचे, पण पायरी चढायची नाही. या कलावंताला निवड नव्हती. आज आपण 'करिअर' म्हणतो त्यात निवड गृहीत असते : मी हे करीन, नाही जमले तर दुसरे करीन. जातीने दिलेल्या कलेत ना शिरण्याचे स्वातंत्र्य होते, ना बाहेर पडण्याचे. गंमत बघा, जोपर्यंत नाचण्या-गाण्यात अपमान होता तोपर्यंत ते आमच्या गळ्यात होते. त्यात मान आणि पैसा आला तेव्हा त्याला 'अभिनयकला' म्हणू लागले आणि आमचे नाव यादीतून गेले.

पठ्ठे बापूरावांचेच उदाहरण घ्या. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. तमाशासाठी त्यांनी घरदार आणि जात सोडली, शेवटी पुण्यात हलाखीत गेले. त्यांची प्रतिभा आम्ही नाकारत नाही. पण ज्या फडाने त्यांना मोठे केले त्या फडाची ओढ होती पवळाबाई, महार समाजातली कलावंतीण. बापूराव 'शाहीर' झाले, त्यांच्या नावाने पुरस्कार आणि संमेलने झाली. पवळा आजही बहुतेक ठिकाणी बापूरावांच्या गोष्टीतले एक पात्र म्हणूनच येते. तिने काय गायले, कसे उभे केले, तिच्या अभिनयात काय होते, हे लिहून ठेवावे असे त्या काळच्या लिहिणाऱ्यांना वाटले नाही. प्रा. शैलजा पाईक यांच्यासारख्या अभ्यासकांनी तमाशातल्या दलित स्त्रियांचा इतिहास गंभीरपणे लिहायला घेतला तो आत्ता, गेल्या काही वर्षांत.

याच बापूरावांचा एक प्रसंग चळवळीत सांगितला जातो. महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाचे खेळ करून निधी देण्याची त्यांची तयारी होती आणि बाबासाहेबांनी तो पैसा घेतला नाही, कारण तो आमच्या बायकांना नाचवून येणार होता. पुढे १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळी, जोगतिणींच्या सभेत बाबासाहेबांनी त्यांना ते जिणे सोडण्याचे आवाहन केले. या दोन गोष्टींचा आपल्या घराघरांत एक अर्थ रुजला : नाचगाणे, सोंग हे आपल्याला शोभत नाही. त्या काळात हा नकार क्रांतिकारक होता. पण बाबासाहेबांचा नकार जन्माने लादलेल्या, इज्जत विकायला लावणाऱ्या धंद्याला होता. रंगमंचाला नव्हता. नाहीतर औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' त्यांच्यासमोर झाले नसते, आणि १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षेला आलेल्या जनतेने ते पाहिलेही नसते.

आता दुसऱ्या बाजूला काय चालले होते ते पाहू. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' आणले आणि संगीत नाटकांचे युग सुरू झाले. नाटक कंपनी ही नुसती नाटक करणारी टोळी नव्हती, ती शाळा होती. लहान वयात मुलगा कंपनीत जाई, तिथेच राही, तिथेच जेवे. गाणे शिकवायला गवई, तालीम घ्यायला मास्तर, पोटाची चिंता नाही. नारायण राजहंसांचा बालगंधर्व झाला तो अशा बिऱ्हाडात. केशवराव भोसले मराठा समाजातले; त्यांनी १९०८ मध्ये 'ललितकलादर्श' काढली आणि शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला, हेही नमूद केले पाहिजे. म्हणजे दार ब्राह्मणेतरांना थोडे किलकिले झाले होते. पण एकत्र राहणे, एका पंगतीत जेवणे, एका माठातले पाणी पिणे ही ज्या प्रशिक्षणाची अट आहे, त्यात अस्पृश्याच्या मुलाला जागा कुठली? प्रतिभेचा प्रश्न तिथपर्यंत पोहोचतच नव्हता. आधी पाण्याचा प्रश्न होता.

सिनेमा आला तेव्हा वाटले असेल, यंत्राला जात कळत नाही. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी फाळक्यांना बाई मिळेना, कारण चेहरा रंगवून लोकांपुढे येणे ही कुलीन घरात बदनामी होती. शेवटी खानावळीत काम करणारे साळुंके तारामती झाले. महाराष्ट्राच्या गावोगावी त्याच वेळी शेकडो स्त्रिया फडावर उभ्या होत्या, पण तारामती म्हणून त्यांचा विचार होणे शक्य नव्हते. सती, राणी, पतिव्रता यांचा चेहरा कुठल्या जातीचा असावा हे कोणी लिहून ठेवले नव्हते. ते सगळ्यांना पाठ होते.

ते पाठ नसलेल्या एका बाईचे काय झाले तेही ऐका. केरळमध्ये जे. सी. डॅनियल यांनी 'विगतकुमारन' हा मूकपट काढला. त्यात पी. के. रोझी या पुलया समाजातल्या तरुणीने नायर स्त्रीची भूमिका केली. त्रिवेंद्रमच्या कॅपिटॉल थिएटरमध्ये प्रेक्षक खवळले, पडद्यावर दगड आले, रोझीला गाव सोडून पळावे लागले. उरलेले आयुष्य तिने तमिळनाडूत नाव-ओळख लपवून काढले. मल्याळम सिनेमाची पहिली नायिका, आणि पुन्हा कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. तिचा गुन्हा वाईट अभिनय हा नव्हता. तिने वरच्या जातीची बाई खरी वाटेल अशी उभी केली होती.

उलट्या दिशेने मात्र वाट मोकळी होती. १९३६ च्या 'अछूत कन्या'त अस्पृश्य मुलगी झाली देविका राणी. १९५९ च्या 'सुजाता'त नूतन. दोन्ही मोठ्या अभिनेत्री, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पण वरच्या जातीची बाई आमची भूमिका करते तेव्हा तो 'अभिनयाचा कस' ठरतो, आणि आमची बाई वरच्या जातीची होते तेव्हा दगड येतात. मराठीत 'सांगत्ये ऐका'पासून 'पिंजरा', 'नटरंग'पर्यंत तमाशापटांनी गल्ला भरला. लावणी आमची, ढोलकी आमची, दुःख आमचे. पडद्यावरची नायिका मात्र बहुतेक वेळा फडाबाहेरून आली.

फडावर कोण राहिले? विठाबाई नारायणगावकर राहिल्या. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घरातली ही लेक. नऊ महिने भरलेले असताना वग चालू होता, कळा आल्या, कनातीमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ही गोष्ट लोक कौतुकाने सांगतात. आम्हाला ती कौतुकाची वाटत नाही. बाळंतपणाची एक रात्रही सुटी घेता येत नाही अशी ती नोकरी होती. राष्ट्रपतींकडून गौरव झालेल्या या कलावंतिणीचे २००२ मध्ये निधन झाले तेव्हा औषधपाण्यासाठीही लोकांच्या मदतीची वाट पाहावी लागली होती. पुढे सरकारने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

आपल्या बाजूने या काळात जे झाले त्याचा अभिमान आहेच. आंबेडकरी जलसे झाले, भीमराव कर्डकांसारखे जलसाकार गावोगाव फिरले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. सरकारने तमाशावर बडगा उगारला तेव्हा अण्णाभाऊंनी त्याचे लोकनाट्य केले, गणातला गणपती काढून त्या जागी मातृभूमी आणि हुतात्मे आणले. पुढे दलित रंगभूमी आली. प्रेमानंद गज्वींचे 'घोटभर पाणी', दत्ता भगतांचे 'वाटा-पळवाटा' ही नाटके आली. पण या सगळ्या परंपरेत नट हा दिवसा गिरणीत, रेल्वेत, बँकेत, शाळेत आणि रात्री रंगमंचावर. कला ही चळवळीची सेवा होती, तिच्यावर घर चालवायचे नव्हते. म्हणून आपल्याकडे शाहीर घडले, कार्यकर्ते-नट घडले. पण पोटापाण्यासाठी अभिनय करणाऱ्याला आधार देणारी एकही व्यवस्था आपण उभी केली नाही. ज्याने नोकरी सोडून नाटक धरले त्याला आपणच वेडा म्हणालो.

अलीकडे काही दारे उघडली. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला'मध्ये जालना जिल्ह्यातल्या गावाकडच्या, शेती करणाऱ्या पोरांनी मुंबई-पुण्याची नाट्यगृहे भरवली. 'फँड्री'तल्या सोमनाथ अवघडेला आणि 'सैराट'मधल्या रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारांत दाद मिळाली. 'कोर्ट'मध्ये आयुष्यभर चळवळीत वावरलेले नागपूरचे वीरा साथीदार लोकशाहीर नारायण कांबळे झाले आणि त्या चित्रपटाला सुवर्णकमळ मिळाले. यावरून 'बघा, प्रतिभा असली की संधी मिळते' असा निष्कर्ष काढणारे बरेच आहेत. आम्ही उलटा काढतो. 'फँड्री' आणि 'सैराट' करणारा दिग्दर्शक स्वतः वडार वस्तीतून आलेला होता, त्याला कुठे शोधायचे ते माहीत होते. प्रतिभा आधीही होती. शोधणारा नव्हता.

आज मुंबईत आरामनगरच्या गल्ल्यांत ऑडिशनसाठी जी रांग लागते तिथे जात कोणी विचारत नाही, आडनाव विचारतात. पण मोठा अडसर तोही नाही. अभिनयात यश मिळायला पाच-सात वर्षे थांबावे लागते, आणि थांबणे ही श्रीमंतांची चैन आहे. ज्याच्या बापाचा पुण्यात फ्लॅट आहे तो थांबू शकतो. मालिकेत काम मिळाले तरी पैसे हातात यायला तीन महिने लागतात, मधल्या माणसाचे कमिशन वेगळे. ज्याला दर महिन्याला घरी पैसे पाठवायचे आहेत तो दुसऱ्या पावसाळ्यात गावी परततो. त्याचा अभिनय कमी पडला असे सगळे म्हणतात, तोही म्हणू लागतो. भाषेचे तेच. 'पाणी'ला 'पानी' म्हणणारा मुलगा विनोदी पात्रासाठी चालतो. वकील, डॉक्टर, प्रियकर म्हणून चालत नाही. जणू आमच्यात वकील-डॉक्टर नाहीत आणि प्रेम तर कोणी करतच नाही.

मग करायचे काय? दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट या सरकारी संस्था आहेत, तिथे आरक्षण आहे, नाट्य विद्यालयात तर विद्यावेतनही मिळते. हे आपल्या किती मुलांना माहीत आहे? पुणे आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांत नाट्यविभाग आहेत. लाखो रुपये उकळणाऱ्या खासगी क्लासच्या पायऱ्या चढण्याआधी हे अर्ज भरले गेले पाहिजेत. बार्टी स्पर्धा परीक्षांच्या प्रशिक्षणासाठी विद्यावेतन देते, ते चांगलेच आहे. तेच अभिनय, लेखन, कॅमेरा शिकणाऱ्याला का नको? सरकारची कलावंत मानधन योजना पन्नाशी ओलांडल्यावर लागू होते. म्हणजे कलावंत झिजून गेल्यावर सरकारला तो दिसतो. आपली मागणी पहिल्या तीन वर्षांच्या विद्यावेतनाची असली पाहिजे, आणि ती निवेदनात लिहून या वर्षीच दिली पाहिजे.

सरकारकडे बोट दाखवताना आपल्या मंडळांचा हिशेबही काढू. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेच्या खर्चात एका मुलीचे मुंबईतले काही महिन्यांचे भाडे निघते. हे बोललो की काही मंडळींना राग येतो, येऊ द्या. आणि सगळ्यालाच पैसा लागतो असेही नाही. आता पहिली ऑडिशन बहुतेक वेळा मोबाईलवर चित्रित करून पाठवायची असते. त्यासाठी लागते ती शांत खोली, एक कोरी भिंत, दोन दिवे आणि समोरून संवाद वाचणारा एक माणूस. दहा बाय दहाच्या घरात, टीव्ही आणि मिक्सरच्या आवाजात ते होत नाही. आपल्या कितीतरी विहारांतला हॉल मात्र रविवारची वंदना सोडली तर आठवडाभर कुलूपबंद असतो. त्याची किल्ली कोणाकडे आहे, एवढे या आठवड्यात विचारून घ्या.